हाताला कळतं ते कागदावर किती येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. विभागातले एक जुने कारागीर वर्षभरात निवृत्त होणार. त्यांच्या हातचं काम दुसऱ्या कुणाला तसं जमत नाही, म्हणून त्यांच्याकडून ‘सगळं लिहून घ्या’ असं तुम्हाला सांगण्यात आलंय. तुम्ही वही उघडून बसलात आणि ते म्हणाले, “हे सांगता येत नाही, हाताला कळतं.” हे खरं मानायचं की टाळाटाळ समजायची, आणि खरं असेल तर वहीत उतरवायचं तरी काय, असं तुम्ही विचारताय.

अनुभवी माणसांच्या शेजारी बसून त्यांचं काम कागदावर उतरवणं हाच माझा व्यवसाय आहे. कारखाने, प्रयोगशाळा, रुग्णालयं, सगळीकडे हे वाक्य ऐकलंय, त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकते. ते खोटं बोलत नाहीत. पण त्या एका वाक्याखाली बऱ्याच निरनिराळ्या गोष्टी असतात. काही त्यांना कुणी नीट विचारलेल्या नसतात. काही त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलेल्या नसतात. काही सांगायची सोय नसते. आणि थोड्या खरोखरच शब्दांत मावत नाहीत. या शेवटच्यांवर तत्त्वज्ञांनी रकानेच्या रकाने भरलेत, पण तुमचं वर्ष बहुतेक आधीच्या तिन्हींवर खर्च होणार आहे.

सुरुवात प्रश्नापासून करू. “तुम्हाला हे कसं कळतं?” हा सगळ्यांत स्वाभाविक प्रश्न आणि सगळ्यांत निरुपयोगीही. एक तर समोरचा गप्प बसतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे उत्तर देतो. गप्प बसणाऱ्यापेक्षा भरभरून सांगणाऱ्याची मला जास्त धास्ती वाटते. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली एक लेख लिहिला, त्यातला प्रयोग मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. टेबलावर नायलॉनच्या लांब मोज्यांचे चार जोड ओळीने मांडले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना त्यांतला उत्तम जोड निवडायला सांगितलं. चारही जोड हुबेहूब सारखे होते. लोकांनी मोठ्या प्रमाणात उजव्या टोकाचा जोड निवडला. का निवडला विचारल्यावर कुणी वीण सांगितली, कुणी पोत. जागेचं नाव एकानेही काढलं नाही, आणि ‘जागेमुळे निवडलात का’ असं थेट विचारलं तेव्हा बहुतेकांनी ते उडवून लावलं. माणसं खोटं बोलत नव्हती. आपण असं का केलं याचं पटण्याजोगं कारण मन तिथल्या तिथे जुळवून देतं, आणि ते जुळवलेलं आहे हे सांगणाऱ्यालाही कळत नाही.

विमान बनवण्याआधी सायकली बनवणाऱ्या विल्बर राइटनेही हे टिपलं होतं. डावीकडे वळताना तुम्ही काय करता, असं त्याने कित्येक सायकलस्वारांना विचारलं. जवळपास सगळे म्हणाले, हँडल डावीकडे वळवतो. प्रत्यक्षात सायकलस्वार आधी हँडल किंचित उजवीकडे नेतो, त्याने सायकल डावीकडे कलते, आणि मग कुठे हँडल डावीकडे जातं. पहिल्या विचारण्यात कुणीच हे बरोबर सांगितलं नाही. पण त्याने आणखी खोदून विचारल्यावर काहींनी कबूल केलं, की हो, आधी जरा उजवीकडे जातं खरं. ही दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. पहिलं उत्तर चुकीचं होतं, तरी बरोबर उत्तर त्याच माणसांकडे होतं.

असं का होतं याचं शरीरातलं कारण बऱ्यापैकी माहीत आहे. एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या गेलेल्या एका रुग्णाच्या अपस्मारावर उपाय म्हणून 1953 साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, हिप्पोकॅम्पसच्या परिसरातला भाग काढला. त्यानंतर त्याला नवं काही आठवेनासं झालं. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक काम दिलं: दुहेरी रेघेचा तारा काढलेला कागद समोर, पण तो थेट न बघता आरशात बघायचा, आणि दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पहिल्या दिवशी सगळ्यांची उडते तशीच त्याची तारांबळ उडाली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने फिरू लागला. आणि आपण हे पूर्वी कधी केलंय याची त्याला दाद नव्हती. म्हणजे ‘काय घडलं’ याची आठवण आणि ‘कसं करायचं’ याची आठवण मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी साठते. बोलणारा भाग पहिल्या आठवणीपर्यंत सहज पोचतो. दुसरीपर्यंत त्याची थेट वाट नाही. ती त्यालाही आपल्यासारखीच बाहेरून, हात काय करतोय ते पाहून ताडावी लागते.

निरोगी माणसांतही हे दिसतं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सराईत टंकलेखकांना कळफलकाची रिकामी आकृती देऊन अक्षरं भरायला सांगितली. मिनिटाला सरासरी 72 शब्द टाइप करणाऱ्या या लोकांना 26 पैकी सरासरी 15 अक्षरांच्या जागा बरोबर सांगता आल्या. बोटं दिवसभर जिथे बिनचूक पडतात, ती जागा तोंडाला माहीत नाही.

इथे आपल्या परंपरेतला एक मोठा माणूस आडवा येतो. व्याकरणकार भर्तृहरी त्याच्या ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात म्हणतो, ‘न सोऽस्ति प्रत्ययो लोके यः शब्दानुगमादृते’. शब्दाची सोबत नसलेलं ज्ञान या जगात नाही. मग त्या रुग्णाच्या हाताला जे आलं ते काय? भर्तृहरीचा अभ्यासक म्हणेल, की त्याला अभिप्रेत असलेला शब्द म्हणजे तोंडाने उच्चारलेला शब्द नव्हे, तान्ह्या मुलाच्या हालचालींतही पूर्वसंस्कारातला शब्द असतोच. वाद रंगतदार आहे आणि मला तो आवडतो. पण कारागिराच्या शेजारी वही घेऊन बसल्यावर त्याचा उपयोग नाही, कारण आपल्याला हवा असतो तो उच्चारलेलाच शब्द.

मायकेल पोलान्यी मुळात रसायनशास्त्रज्ञ. आपल्याला सांगता येतं त्याहून अधिक ठाऊक असतं, हे त्यांचं 1966 च्या पुस्तकातलं विधान आमच्या धंद्यात इतकं वापरलं जातं की त्याची धार गेलीये. कुठलाही आळशी प्रकल्प-अहवाल ते उद्धृत करून मोकळा होतो: ज्ञान अव्यक्त आहे, सबब लिहिता आलं नाही. पोलान्यींनी दिलेलं सायकलचं उदाहरण मात्र नेमकं आहे. तोल जाऊ लागला की त्या बाजूला वळायचं, आणि कलाचा कोन ठरलेला असेल तर वळणाची वक्रता वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ठेवायची. नियम खरा आहे, शब्दांत पूर्ण बसलाय, आणि तो पाठ करून एकही माणूस सायकल शिकलेला नाही. म्हणजे काही वेळा अडचण शब्दांत न येण्याची नसतेच. शब्दांत येऊनही ते हातात उतरत नाही, ही अडचण असते. तुमच्या वहीतल्या प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न लावावे लागतात. हे खरं आहे का? आणि वाचणारा हे वाचून काही वेगळं करू शकेल का? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक पुस्तिका नापास होतात.

आता ‘सांगता येत नाही’ म्हणत म्हणत सांगता आलेल्या गोष्टींकडे येऊ, कारण त्या वाटतात त्याहून खूप आहेत.

एका दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लाचं लिंग ओळखणं हे याचं गाजलेलं उदाहरण. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ही पद्धत जपानात रुजली आणि तिथून जगभर गेली. पिल्लाचा गुदभाग किंचित उघडून आतला बारीकसा उंचवटा क्षणभर पाहायचा आणि नर की मादी ते ठरवायचं. तज्ज्ञ तासाला शेकड्यांनी पिल्लं वेगळी करतात. हे सांगून येत नाही, वर्षानुवर्षं गुरूजवळ राहूनच येतं, असं मानलं जाई. तत्त्वज्ञानाच्या वर्गातही ते अव्यक्त ज्ञानाचा नमुना म्हणून मिरवत होतं. 1987 साली अर्व्हिंग बीडरमन आणि मॅगी शिफ्रार यांनी एका जुन्याजाणत्या तज्ज्ञाशी बोलून, छायाचित्रं समोर ठेवून, नेमकं कुठे बघायचं ते शोधलं. बाहेर आलं ते असं: अमुक जागीच बघा, उंचवटा फुगीर गोल आहे की सपाट वा खोलगट, एवढंच तपासा. हे एका पानावर मावलं. ते पान वाचलेली, पूर्वी कधी पिल्लू हातात न धरलेली माणसं छायाचित्रं ओळखण्यात तज्ज्ञांच्या बरोबरीला आली.

पण ती छायाचित्रं होती. हातात वळवळणारं पिल्लू धरणं, दाब किती द्यायचा, ते इजा न होता पटकन उघडणं, आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर उरकणं, हे त्या पानावर नव्हतं आणि येणारही नव्हतं. तीच कला अर्धी एका पानावर आली आणि अर्धी गुरूच्या हाताखालीच राहिली. मी कुठल्याही कारागिरासमोर बसते तेव्हा ही रेघ कुठून जाते ते शोधत असते. ती काठावर क्वचितच असते. कामाच्या अगदी मधोमध जाते.

दुसरं उदाहरण रुग्णालयातलं. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागातल्या अनुभवी परिचारिका तपासणीचे अहवाल येण्याआधीच म्हणायच्या, ‘या बाळाचं काही ठीक दिसत नाही’, आणि नंतर रक्तात जंतुसंसर्ग निघायचा. कशावरून म्हणता विचारलं तर उत्तर एकच: अनुभव, अंदाज. बेथ क्रँडल आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने त्यांना ‘कसं ओळखता’ हे विचारणं सोडून दिलं. एकेक घडलेला प्रसंग घेतला. त्या रात्री पाळीवर कधी आलात, पहिल्यांदा बाळाकडे पाहिलं तेव्हा काय दिसलं, मग काय बदललं, कुठल्या क्षणी डॉक्टरांना बोलावलंत, तिथे नवखी परिचारिका असती तर तिच्या नजरेतून काय सुटलं असतं. 1993 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्वचेचा रंग, हालचालीतला सुस्तपणा, श्वास अशा ठोस खुणांची यादीच निघाली. त्यांतल्या बऱ्याच खुणा तेव्हाच्या वैद्यकीय लिखाणात नव्हत्या, आणि काही तर मोठ्या माणसांतल्या संसर्गाच्या खुणांच्या अगदी उलट होत्या. ज्याला त्या स्वतः ‘अंदाज’ म्हणत होत्या ते डोळ्यांनी केलेलं पद्धतशीर निरीक्षण होतं. त्याला फक्त कुणी वाक्यं दिली नव्हती.

वैद्यकात अशी उदाहरणं भरपूर आहेत. बाळ जन्मल्यावर ‘बरं दिसतंय’ किंवा ‘मलूल आहे’ एवढंच बोललं जाई. भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी 1952 मध्ये त्याचे पाच भाग केले, नाडी, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त प्रतिसाद आणि रंग, आणि प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण दिले. बेशुद्धीबद्दल तर ‘गुंगीत’, ‘अर्धवट शुद्धीत’ असे शब्द प्रत्येक डॉक्टर आपापल्या अर्थाने वापरत. 1974 साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी ते शब्द बाजूला ठेवले आणि तीनच गोष्टी विचारल्या: डोळे कशाने उघडतात, बोलतो काय, हात-पाय कसे हलवतो. मोजपट्टी आल्याने जुन्या डॉक्टरची नजर निकामी झाली नाही. पण रात्री दोन वाजता एक डॉक्टर दुसऱ्याला फोनवर काय सांगतोय, ते ऐकणाऱ्याला कळू लागलं.

या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसेल. ‘हे काय आहे’ असं कुणी विचारलं नाही. ‘या दोहोंत फरक कुठे आहे’ असं विचारलं. माणसाला गोष्टीचं वर्णन करता येत नाही, पण दोन गोष्टींतला फरक दाखवता येतो, निदान बोट तरी ठेवता येतं. बोट ठेवलं की पुढचे शब्द आपण लावू शकतो.

एक काम जवळून दाखवते. लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा गोल फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, खोल बोअर (भोक) करणारे एक जुने कारागीर होते. टोकाला कापणारं टूल बसवलेला लांब दांडा, म्हणजे बोरिंग बार, खोल गेला की थरथरतो, त्याला तिथे ‘चॅटर’ म्हणतात, आणि मग भोकाच्या आत लाटा उमटतात, जॉब (घडवायचा तुकडा) वाया जातो. यांचे जॉब वाया जात नसत. कसं कळतं? “आवाजावरून.” कसला आवाज? “बिघडला की कळतो ना, ताई.” वही कोरीच.

मग आम्ही एक चांगला आणि एक बिघडलेला असे दोन बोअर होताना ध्वनिमुद्रित केले, आणि त्यांना ऐकवून म्हटलं, जिथे तुम्ही हात घालाल तिथे बोट वर करा. ऐकताना त्यांचं बोट वर गेलं ते बऱ्याच उशिरा. ते स्वतःच चक्रावले. “मशीनवर मला आधी कळतं,” म्हणाले. परत मशीनवर गेलो. आता मी आवाज सोडून त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं टूलपोस्टवर, म्हणजे टूल पकडून ठेवणाऱ्या ठोकळ्यावर, सहज टेकलेली होती. “इथे हात कशाला ठेवलाय?” “कुठे?” त्यांनी खाली पाहिलं, हात उचलला, आणि हसले. हात काढून तेच काम करायला सांगितलं तर त्यांचा इशारा पुन्हा उशिरा आला. इतकी वर्षं ते ज्याला आवाज म्हणत होते, तो बराचसा बोटांना जाणवणारा कंप होता.

त्यानंतर बोलणं सुरू झालं ते थांबेना. आधी बारीक किरकिर येते, बोटाला मुंग्या आल्यासारखी. तिथे हात घालायचा. मग घरघर सुरू होते, आणि घरघर कानांनी ऐकू आली म्हणजे उशीर झालाय. किरकिर आली की स्पिंडलचा, म्हणजे जॉब फिरण्याचा, वेग उतरवायचा आणि फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचं प्रमाण, थोडं वाढवायचं. “नवीन पोरं घाबरून फीड कमी करतात. मग टूल कापत नाही, नुसतं घासतं, आणि थरथर वाढते.” हे शेवटचं वाक्य पूर्णपणे शब्दांत येण्यासारखं होतं. त्याच्यात अव्यक्त असं काही नाही. फक्त नवीन पोरं काय करतात, हे त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

जाता जाता: किरकिर, घरघर, खरखर, करकर, भुणभुण असल्या नादानुकारी शब्दांची आपल्याकडे जी चंगळ आहे ती पुस्तिकेत वापरायला लोक लाजतात. ‘असामान्य ध्वनी आल्यास यंत्र थांबवावे’ असं लिहितात. असामान्य म्हणजे कुठला, ते कुणी सांगायचं? ‘किरकिर’ लिहा आणि शेजारी त्याचं ध्वनिमुद्रण जोडा. शब्द आणि नमुना एकत्र असले की शब्दाला अर्थ चिकटतो.

त्या लेथवरच्या कामात शब्दांबाहेर काय राहिलं? बोटांना येणाऱ्या मुंग्यांचा नेमका दर्जा, आणि फीडचं हँडल ‘थोडं’ म्हणजे किती. ते मी लिहू शकले नाही. पण दोन्ही कुठे मिळतील ते लिहिता आलं: टाकाऊ तुकडा लावा, बार मुद्दाम लांब काढा, बोटं टूलपोस्टवर अमुक जागी ठेवा (उघडी, चालत्या लेथवर हातमोजे कधीच नकोत), वेग हळूहळू चढवत न्या आणि पहिला फरक जाणवेल तिथे थांबा. अनुभव शब्दांत आला नाही, पण तो घडवून आणायची कृती आली. खरोखर अव्यक्त असलेल्या भागासाठी लिहिण्याजोगं तेवढंच असतं, आणि ते पुष्कळ असतं.

आता त्या खऱ्या अव्यक्ताबद्दल. विट्गेनस्टाइन या तत्त्वज्ञाच्या 1953 साली, त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या ग्रंथात एक छोटा परिच्छेद आहे, त्यात तो तीन गोष्टी शेजारी ठेवतो: माँ ब्लाँ हे शिखर किती मीटर उंच आहे, ‘खेळ’ हा शब्द कसा वापरतात, आणि क्लॅरिनेटचा आवाज कसा असतो. ठाऊक असून सांगता येत नाही याचं ज्याला नवल वाटतं, त्याच्या डोळ्यासमोर पहिलं उदाहरण असतं, तिसरं नसतं, असं तो म्हणतो. उंची ठाऊक असेल तर सांगता आलीच पाहिजे. क्लॅरिनेटच्या आवाजाबाबत ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्याने तो ऐकलाय त्याला ‘क्लॅरिनेट’ एवढा शब्द पुरतो. ज्याने नाही ऐकला त्याला पानंच्या पानं पुरणार नाहीत. म्हणजे शब्दांत मावणं न मावणं हा गोष्टीचा अंगचा गुण कमीच, ऐकणाऱ्याजवळ आधी काय आहे त्यावर ते अधिक ठरतं. दोन जुने फिटर एकमेकांना तीन शब्दांत जे सांगतात ते मला तीन पानांतही सांगू शकत नाहीत.

वेदनेचंही तसंच. दुसऱ्याची वेदना आपल्याला होत नाही, ती सांगून पोचवता येत नाही. तरीही रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये वेदनेचे 78 शब्द 20 गटांत लावून प्रश्नावली केली आणि ती उपयोगी पडली. ठणका, कळ, सणक, ठसठस, जळजळ यांतला फरक रुग्ण करू शकतो, आणि जळजळ किंवा विजेसारखी सणक म्हटली की डॉक्टर मज्जातंतूंकडे वळून बघतो. वेदना शब्दांत गेली नाही. तिच्यातला जो फरक उपचाराला लागतो तो गेला. गंधाबद्दल म्हणाल, तर अनेक भाषांतले लोक वासांपुढे अडखळतात म्हणून ती मानवी मर्यादा मानली जाई. 2014 साली आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी मलाय द्वीपकल्पातल्या जाहाई लोकांची चाचणी घेतली, तर ते वासांची नावं रंगांइतक्याच सहजतेने सांगत होते. इंग्रजी बोलणारे मात्र रंगांना चटकन नाव देत आणि वासांपाशी लांबलचक, एकमेकांशी न जुळणारी वर्णनं करत. वासाकडे रोज लक्ष देणाऱ्या समाजात त्याला शब्द आले.

आणखी एक प्रकार सगळ्यांत फसवा आहे: सांगणाऱ्यालाही ठाऊक नसलेलं, पण कामाला अत्यावश्यक असलेलं. 1970 च्या सुमारास कॅनडातल्या एका संरक्षण-प्रयोगशाळेने टीईए नावाचा नवा लेझर जाहीर केला. ब्रिटनमधल्या अनेक प्रयोगशाळा तो बनवायला बसल्या. हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने त्यांचा माग काढला आणि 1974 साली निष्कर्ष छापला: नुसते छापील लेख वाचून एकालाही चालू लेझर बनवता आला नाही. ज्यांना जमला त्यांची चालू लेझर असलेल्या कुणाशी तरी प्रत्यक्ष ओळख, येणंजाणं होतं. कपॅसिटरपासून (वीज साठवणाऱ्या भागापासून) निघणारी तार आखूड लागते, ही त्यातली एक मेख. सर्किटच्या आकृतीत तार म्हणजे दोन बिंदूंमधली रेघ, तिच्या लांबीला तिथे अर्थ नसतो. प्रत्यक्षात तार लांबली की विद्युतस्राव मंदावतो आणि लेझर पेटत नाही. हे लपवलेलं गुपित नव्हतं. महत्त्वाचं आहे असं वाटलंच नाही, म्हणून लिहिलं गेलं नाही. याच्यावर मुलाखत हा उपाय नाही. काम बघायलाच जावं लागतं, आणि शक्यतो तेच काम दुसऱ्या जागी, दुसऱ्या साधनांनी करून घ्यावं लागतं. जागा बदलली की अडतं, आणि अडलं की कळतं.

सोय नसण्याचं म्हणाल तर स्पष्ट बोलते, कारण बैठकांत हे कुणी बोलत नाही. तुमच्या त्या कारागिरांचं काम बहुधा अधिकृत कार्यपद्धतीप्रमाणे चालत नसणार. कुठेतरी एक पायरी ते गाळतात, कुठेतरी स्वतः घासून केलेला पत्र्याचा तुकडा मापासाठी वापरतात, कारण ठरवून दिलेलं माप वेळेवर मिळत नाही. हे वहीत गेलं तर उद्या त्याचा जाब त्यांनाच विचारला जाईल. अशा वेळी ‘हाताला कळतं’ हे सभ्य उत्तर आहे. याशिवाय, उभा जन्म ज्यांना कुणी काही विचारलं नाही, त्यांना निघताना एकदम ‘सगळं सांगा’ म्हणणं हेही जरा उद्धटपणाचंच. लिहिलेलं आधी त्यांना वाचून दाखवलं जाईल, ते म्हणतील ते काढलं जाईल, आणि नियमाबाहेरचं काही निघालं तर कारवाई होणार नाही, हे वरिष्ठांकडून लेखी घेऊन मगच बसा. निम्मं अव्यक्त ज्ञान त्या एका पत्राने व्यक्त होतं.

कुणी म्हणेल, काही अनुभव असे असतात की तिथे बोलणंच थांबतं, ‘शब्देंवीण संवादिजे’ असं ज्ञानेश्वरांनीच म्हटलंय. म्हटलंय खरं. पण ते ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात म्हटलंय, आणि त्यापुढे नऊ हजारांच्या घरातला ग्रंथ होईल इतक्या ओव्या सांगितल्यात. मला त्या क्षेत्रातलं कळत नाही, पण हा क्रम मला ओळखीचा वाटतो.

शब्द घातकही ठरतात, तेव्हा एक इशारा. 1990 साली जोनाथन स्कूलर आणि टोन्या एंग्स्टलर-स्कूलर यांनी काही लोकांना बँकेवरच्या दरोड्याची चित्रफीत दाखवली. निम्म्यांना दरोडेखोराच्या चेहऱ्याचं वर्णन लिहायला लावलं, निम्म्यांना दुसरंच काम दिलं. नंतर अनेक चेहऱ्यांतून तो ओळखताना वर्णन लिहिलेले मागे पडले. 2014 मध्ये बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून हे पुन्हा तपासलं. परिणाम दिसला, वर्णन कधी लिहायला लावलं यानुसार कमी-जास्त. ज्याला शब्द अपुरे पडतात तिथे घाईने शब्द दिले की मूळ ठसा पुसट होतो. म्हणून शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी ‘काय जाणवलं ते लिहा’ म्हणू नका. आधी भरपूर पाहू द्या, हाताळू द्या.

तर वर्षाचं नियोजन असं करा. सुरुवातीचे काही आठवडे वही मिटलेली ठेवा आणि फक्त शेजारी उभे राहा, हातांकडे आणि नजरेकडे बघत. मग चित्रीकरण करा आणि ते त्यांनाच दाखवून थांबवत थांबवत बोलतं करा. चांगला आणि बिघडलेला जॉब जोडीने समोर ठेवा. फसता फसता वाचलेले प्रसंग विचारा, नियम विचारू नका. रोजच्या पायऱ्यांची यादी शेवटी करा आणि ती छोटी ठेवा. 30 ऑक्टोबर 1935 ला बोइंगचं मॉडेल 299 हे विमान चाचणीत कोसळलं ते वैमानिक अनाडी होता म्हणून नाही. जमिनीवर असताना सुकाणू वगैरे जखडून ठेवणारी खीळ उड्डाणाआधी काढायची राहून गेली होती. त्यातून वैमानिकांची तपासणी-यादी जन्माला आली, आणि ती यादी विमान उडवायला शिकवत नाही. ज्याला येतं त्याने काय विसरू नये, एवढंच ती सांगते. यादीला शिकवणीचं काम लावलं की ती जाडजूड होते आणि कुणी वाचत नाही.

मसुदा झाला की तो कामाची तोंडओळख असलेल्या एखाद्या नवख्याला द्या आणि स्वतः तोंड बंद ठेवून उभे राहा. तो जिथे कागदावरून मान वर करून तुमच्याकडे बघेल, तिथे समासात खूण करा. फक्त त्या खुणा घेऊन जुन्या कारागिरांकडे परत जा, मसुदा सुधारा, पुन्हा दुसऱ्या नवख्याला द्या. काही खुणा पुसल्या जातील. काही दर फेरीला त्याच जागी उमटतील. तिथे आणखी वाक्यं घालत बसू नका. तिथे लिहा की ही पायरी अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, टाकाऊ मालावर, जमेपर्यंत करून घ्यायची. आणि त्यासाठी त्यांचा वेळ आत्ताच मागून घ्या. निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात त्यांची साठलेली रजा संपवायची असते, तेव्हा ते तुम्हाला मिळणार नाहीत.